वाचक विचारतात: बाई वेळेत येते, रिपोर्ट उशिरा येतो

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या कमी वयाच्या बायकांच्या ब्रेस्ट कॅन्सरवर लिहिलं होतं. थोडक्यात असं, की सहारा वाळवंटाच्या खालच्या देशांमध्ये ह्या आजाराच्या पेशंटचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतं, त्यात तिशी-चाळिशीतल्या भरपूर जणी, आणि बहुतेकींना कळतं तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. १७ देशांमधले ८३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेल्या बायका ७७ टक्के निघाल्या होत्या. ह्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. मी पॅथॉलॉजीवाली आहे, सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशनचे बारकावे मला विचारू नका, बाटलीत आलेल्या तुकड्याचं काय होतं ते विचारा, ते मी रात्रभर सांगू शकते.

प्रश्न: डॉक्टरताई, आम्ही नैरोबीत १४ वर्षं आहोत. आमच्याकडे काम करणारी बाई ३४ वर्षांची आहे, तिची दोन मुलं गावी आजीकडे असतात, पश्चिम केनियात. परवा तिने घाबरत घाबरत सांगितलं की छातीत गाठ आहे, बरेच महिने झाले, दुखत नाही. केमिस्टने अँटिबायोटिक दिलं, मग एका छोट्या क्लिनिकमध्ये परत अँटिबायोटिकच दिलं. आता ती म्हणते गावी जाऊन देशी औषध घेते. मी नेमकं काय करू? मिस्टर म्हणतात फार गुंतू नकोस.

उत्तर: मिस्टरांना म्हणावं आता गुंतलोच आहोत. गंमत सोडा, पण तिने तुम्हाला सांगितलं ही साधी गोष्ट नाही, बहुतेक घरकामाच्या बायका सांगत नाहीत कारण आजारी म्हटलं की नोकरी जाते, आणि नोकरी गेली की गावचं घर बंद पडतं. म्हणून सगळ्यात आधी तिला समोर बसवून स्पष्ट सांगा की काम जाणार नाही आणि हॉस्पिटलच्या दिवसांचा पगार कापणार नाही. हे ऐकल्याशिवाय ती पुढचं काही ऐकणारच नाही बघा.

दुसरं, तुम्ही आत्ताच कॅन्सर म्हणून मोकळ्या होऊ नका. ह्या वयातल्या बऱ्याच गाठी साध्या असतात, फायब्रोअडिनोमा वगैरे. पण साधी आहे का नाही हे हात लावून कोणीच सांगू शकत नाही, केमिस्ट नाही, तुम्ही नाही, मोठे सर्जनसुद्धा नाहीत. दुखत नाही म्हणजे काही नाही ही समजूत तिकडेही आहे आणि आपल्याकडेही, आणि तीच जास्त घात करते, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही.

आता व्यवहाराचं. केनियात सरकारी दवाखान्यांना लेव्हल असतात, लेव्हल दोन म्हणजे डिस्पेन्सरी, तीन म्हणजे हेल्थ सेंटर, आणि असं करत करत पाच म्हणजे काउंटीचं मोठं रेफरल हॉस्पिटल आणि सहा म्हणजे केन्याटा नॅशनलसारखं. तुमच्या बाईने आतापर्यंत फक्त तळाच्या पायऱ्यांवर वेळ घालवलाय. तिला जिथे सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी दोन्ही होतात तिथे न्या, आणि चिठ्ठीवर 'ब्रेस्ट लम्प, बायोप्सीसाठी' असं लिहून घ्या, नुसतं 'तपासणी' नको. 'बारीकशी गाठ आहे, काढूनच टाकू' असं कोणी म्हणालं तर थांबवा. आधी जाड सुईने तुकडा, मग रिपोर्ट, मग ऑपरेशन, हाच क्रम. आधी गाठ काढली आणि नंतर कॅन्सर निघाला तर कडेला काय राहिलं ते कळत नाही, दुसरं ऑपरेशन लागतं, आणि मोठी गाठ औषधाने आधी लहान करायची संधीही हातची जाते. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी काढलेली गाठ तपासायलाच जात नाही, कचऱ्यात जाते, पेशंट पैसे भरू शकली नाही म्हणून. हे मी ऐकीव नाही सांगत.

पैशांचं म्हणाल तर केनियात ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या एनएचआयएफच्या जागी एसएचए आलंय, म्हणजे सरकारी आरोग्य विमा. तिची नोंदणी झाली आहे का बघा. पगारदार माणसाचे पगाराच्या २.७५ टक्के भरायचे असतात, कमीत कमी ३०० शिलिंग, आणि ते कापून भरणं मालकाचं काम, म्हणजे तुमचं. रागावू नका, पण तिकडच्या कितीतरी भारतीय घरांमध्ये हे होत नाही आणि वेळ आली की मग सगळे कार्ड शोधत बसतात.

आणि तिच्या चामाला विसरू नका. चामा म्हणजे आपली भिशीच, तिकडे प्रत्येक बाईचा एक तरी असतो. पुढे उपचार लागलेच तर गाडीभाडं, मुलांची फी, सोबत, हे तिथूनच उभं राहतं. पण त्या बायकांना सांगायचं का, कधी आणि किती, हे ती ठरवेल. तुम्ही परस्पर फोन करू नका. देशी औषधावर भांडू नका, 'आधी सुई होऊ दे, रिपोर्ट येऊ दे, मग बोलू' एवढंच म्हणा. भांडलात तर ती गावाला निघून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

प्रश्न: मॅडम मी पुण्यात मायक्रोबायोलॉजी करतेय, एसवायला. तुमचा लेख वाचला पण एक कळलं नाही, आफ्रिकन बायकांना तरुणपणीच का होतो? जीन्स का? आमच्या ग्रुपवर यावर जाम वाद झाला.

उत्तर: वाद होणारच कारण ह्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक घुसल्यात, लोक त्या सुट्या करत नाहीत.

पहिली गोष्ट निव्वळ लोकसंख्येची. आफ्रिका खंडाचं मध्यम वय साधारण १९ आहे, म्हणजे अर्धे लोक त्याहून लहान. जिथे साठीच्या वरच्या बायका मुळातच कमी तिथे ओपीडीतही साठीच्या वरच्या पेशंट कमीच दिसणार ना? तिशीतल्या बाईला धोका किती हे बघायचं तर तिशीतल्या सगळ्या बायका खाली ठेवून भागावं लागतं, नुसती ओपीडीची रांग बघून चालत नाही. असा हिशोब केला की बराचसा फरक विरघळतो. वय वाढलं की धोका वाढतो हे तिकडेही खरंच आहे. एकूण बघितलं तर पश्चिम आफ्रिकेत हा आजार होण्याचं प्रमाण पश्चिम युरोपच्या निम्म्याच्या आसपास आहे. मरण्याचं प्रमाण मात्र युरोपपेक्षा जास्त. हे वाक्य तुझ्या ग्रुपवर टाक, कारण खरी बातमी ह्यात आहे, वयात नाही.

दुसरी गोष्ट जीन्सची, आणि ती खोटी नाही. कॅन्सरच्या पेशींवर तीन गोष्टी आम्ही शोधतो, इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर (रिसेप्टर म्हणजे जणू कुलूप, हॉर्मोनची किल्ली त्यात बसते) आणि हर-टू नावाचं प्रोटीन. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. हा प्रकार तरुण बायकांमध्ये जास्त, वेगाने वाढतो, आणि टॅमॉक्सिफेनसारखी, इस्ट्रोजेन अडवणारी स्वस्त गोळी त्याला लागू पडत नाही. लिसा न्यूमन नावाच्या अमेरिकन सर्जनने घानातल्या कुमासीच्या कोम्फो अनोक्ये हॉस्पिटलसोबत बरीच वर्षं ह्यावर काम केलंय. घानातल्या पेशंटमध्ये ट्रिपल निगेटिव्ह निम्म्याच्या आसपास निघाला. पण इथिओपियात तो खूपच कमी, अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या जवळपास. म्हणजे 'आफ्रिकन बायका' असा एक गठ्ठा नाहीच आहे, पश्चिम आफ्रिका वेगळी, पूर्व आफ्रिका वेगळी. अमेरिकेतल्या काळ्या बायकांचे पूर्वज गुलाम म्हणून मुख्यतः पश्चिमेकडून नेले गेले, त्यांच्यातही हा प्रकार गोऱ्यांच्या मानाने जास्त सापडतो, ते ह्या चित्रात बसतं.

नायजेरियाचा एक अभ्यास मला फार आवडतो. शिकागोच्या डॉ. ओलुफुनमिलायो ओलोपाडे, मूळच्या नायजेरियाच्याच, आणि इबादानचे त्यांचे सहकारी, ह्यांनी ११०० च्या वर नायजेरियन पेशंटचे जीन्स तपासले, २०१८ ला छापून आलं. साधारण सातातल्या एकीमध्ये घराण्यातून आलेला बिघाड सापडला, त्यात बीआरसीए-वन ह्या एका जीनचा बिघाड एकटा ७ टक्के. हे प्रमाण बऱ्यापैकी मोठं आहे. त्याचा अर्थ असा की तिकडे एक पेशंट सापडली की तिच्या बहिणी आणि मुली तपासायला हव्यात. पण लक्षात घे, राहिलेल्या सहा जणींमध्ये असं काही सापडलं नाही. त्यांच्यासाठी जीन्सचं नाव घेऊन आपण हात झटकतो एवढंच.

एचआयव्हीचंही कोणीतरी विचारलं होतं म्हणून इथेच सांगते. एचआयव्हीमुळे ब्रेस्ट कॅन्सर होत नाही. पण दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये तो कमी वयात सापडताना दिसतो, कारण ज्या बायकांमध्ये एचआयव्ही जास्त आहे त्याच मुळात तरुण आहेत. परत तोच लोकसंख्येचा खेळ. उपचारानंतर टिकण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यात कमी आहे.

प्रश्न: डिओडरंटने, काळ्या ब्राने किंवा ब्लाउजमध्ये मोबाइल / नोटा ठेवल्याने होतो का? (हा प्रश्न अकरा जणींनी पाठवला.)

उत्तर: नाही, नाही, आणि नाही. नोटा ब्लाउजमध्ये ठेवण्याची पद्धत अक्रापासून आष्टीपर्यंत सगळीकडे आहे आणि ह्यामुळेच गाठ होते असं घानातही सांगतात. ठेवा बिनधास्त, फक्त सुट्टे ठेवू नका, टोचतात.

प्रश्न: आम्ही खारघरला पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोल्या भाड्याने देतो. नायजेरिया, टांझानिया, केनियाहून लोक येतात. चांगल्या शिकलेल्या, टापटीप, पैसेवाल्या बायका असतात पण आजार इतका वाढवून येतात की बघवत नाही. मनात येतं, शिकून काय फायदा? का तिकडे मांत्रिक-बिंत्रिक फार चालतात?

उत्तर: मांत्रिक चालतात, प्रार्थनेचे तंबू चालतात, झाडपाला चालतो, नवरा सोडेल ही भीती असते, छाती काढली तर आपण बाईच राहणार नाही असं वाटतं. नाकारत नाही. आणि ह्यातलं एकही आपल्याकडे नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण तुमच्या पत्रातला जो सूर आहे ना, की बायकाच उशीर करतात, त्याच्याशी माझं भांडण आहे.

रवांडात बुटारो नावाच्या डोंगराळ गावात २०१२ ला कॅन्सरचं केंद्र सुरू झालं, छान चाललंय. तिथल्या पेशंटना विचारून महिने मोजले गेले. गाठ लागल्यापासून निदान होईपर्यंत मधला आकडा (म्हणजे निम्म्या जणींना त्याहून कमी, निम्म्या जणींना जास्त) १५ महिने. त्यात बाईने स्वतः डॉक्टरकडे जायला लावलेला वेळ बघितला तर मधला आकडा पाच महिने. आणि एकदा दवाखान्याची पायरी चढल्यानंतर दवाखान्यांनी लावलेला वेळ? तोही पाच महिने. (मधले आकडे असल्यामुळे पाच आणि पाच मिळून पंधरा होत नाहीत, हिशोब जुळवत बसू नका.) म्हणजे बाई जेवढी थांबते तेवढंच तिला थांबवलं जातं, पण दोष लावताना पहिले पाच महिनेच सगळ्यांच्या लक्षात राहतात.

हे पाच महिने कुठे जातात ते माझ्या खात्यातलं सांगते, कारण मी टांझानियात दार एस सलामला एका लॅबमध्ये काही काळ होते. सर्जनने तुकडा काढला. लॅब वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या शहरात. मग ती बाटली पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात देतात, 'लॅबला नेऊन दे, पैसे भर, पावती आण.' माझ्यासमोर एक भाऊ आला होता, बहिणीचा तुकडा घेऊन. मेयोनिजची रिकामी बरणी, आतलं पाणी जरा ढगाळ, झाकणाला चिकटपट्टी आणि वर बॉलपेनने नाव. मी झाकण उघडून वास घेतला. तुकडा खराब होऊ नये म्हणून तो फॉर्मलिन नावाच्या द्रावात ठेवतात, त्याचा वास नाकात जातो म्हणजे जातोच, चुकत नाही. इथे नुसतं मिठाचं पाणी होतं. बसने तो रात्रभर प्रवास करून आला होता, बरणी मांडीवर धरून, सांडू नये म्हणून. त्या तुकड्यातनं मला काहीच सांगता आलं नाही, पेशी विरघळून गेल्या होत्या. परत सुई, परत बस, परत पैसे. हे त्या माणसाला सांगणं माझ्यावर आलं.

फॉर्मलिनमध्ये घातला तरी प्रश्न संपत नाही. साधारण सहा तास तरी तुकडा त्यात मुरला पाहिजे आणि ७२ तासांच्या वर राहू नये. शुक्रवारी काढलेला तुकडा पुढच्या गुरुवारी लॅबला पोचला तर कॅन्सर आहे हे दिसतं, पण रिसेप्टरची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे जिला गोळी लागू पडली असती तिच्या कागदावर ट्रिपल निगेटिव्ह लिहिलं जातं आणि गोळी मिळतच नाही. त्यात रिसेप्टर तपासायची केमिकल्स बाहेरून येतात, संपली की महिनोन् महिने नाहीत. आणि ह्या सगळ्यावर सही करायला माणूस कुठाय? बऱ्याच आफ्रिकन देशांमध्ये दहा लाख लोकांमागे एक पॅथॉलॉजिस्टसुद्धा नाही.

उपचारांचं तर विचारूच नका. युगांडाचं रेडिएशनचं एकुलतं एक मशीन २०१६ ला बंद पडलं, अख्ख्या देशाचं, आणि नवीन मशीन चालू व्हायला २०१८ चा जानेवारी उजाडला. कंपालाचं कॅन्सर इन्स्टिट्यूट १९६७ सालचं आहे, नावाजलेलं आहे, डॉक्टर हुशार आहेत, पण मशीन नाही तर ते तरी काय करणार? ज्यांच्याकडे पैसे होते त्या नैरोबीला गेल्या, मुंबई-दिल्लीला आल्या, तुमच्याकडे उतरतात त्यातल्याच. ज्या शिकल्या-सवरल्या आहेत, ज्यांना विमानाचं तिकीट परवडतं, त्याही तुमच्या दारात पोचतात तेव्हा मागे तीन दवाखाने, दोन हरवलेले रिपोर्ट आणि एक वर्ष सोडून आलेल्या असतात. त्यात व्हिसा, हॉस्पिटलचं पत्र, जमीन किंवा गाडी विकणं ह्याचे महिने वेगळेच.

नामिबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबिया ह्या पाच देशांमध्ये २००० च्या वर बायकांवर फोन करकरून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्याचे आकडे २०२० मध्ये आले. तीन वर्षांनी जिवंत किती? एकूण निम्म्या. नायजेरियात ३६ टक्के. आणि नामिबिया बघा, देश एकच, पण गोऱ्या बायकांमध्ये ९० टक्के, काळ्या बायकांमध्ये ५६. हा फरक मांत्रिकाने पडत नाही हो. त्याच लोकांचा हिशोब असा होता की नवीन औषध वगैरे काही नको, आहे तोच उपचार सगळ्यांना मिळाला आणि ज्यांना गाठ लागलीच आहे त्यांचं निदान लवकर झालं, तरी २८ ते ३७ टक्के मृत्यू टळतील.

आणि त्यातला एक आकडा मला झोपू देत नाही. पन्नाशीच्या आतल्या अशा १०० बायका गेल्या की मागे दोनशेच्या वर मुलं आईविना होतात. आजार तरुणपणी आला की हे असं असतं, घरात लहान मुलं असतात.

तेव्हा खोलीचं भाडं घेता ते घ्या, पण पुढच्या वेळी कोणी आली तर तिला फक्त एवढं विचारा की पहिल्यांदा डॉक्टरला कधी दाखवलं होतं. उत्तर ऐका.

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, माझ्या हाताखाली आशा ताई आहेत. आमच्याकडे अधूनमधून कॅम्प होतात, मॅमोग्राफीची गाडी येते, पत्रकं वाटतात की दर महिन्याला स्वतः तपासा. आफ्रिकेत गाडी पण नाही म्हणता, मग तिथे काय करतात? आम्हाला काही घेण्यासारखं आहे का?

उत्तर: आहे, आणि तुमच्यासारखीने विचारलं म्हणून जास्त आनंद झाला.

आधी मॅमोग्राफीचं. तरुण बाईचे स्तन घट्ट असतात, एक्सरेत सगळं पांढरंच दिसतं आणि गाठही पांढरीच, म्हणजे धुक्यात पांढरी गाय शोधायची. चाळिशीच्या आत सोनोग्राफीच जास्त कामाची. म्हणून पेशंट तरुण असलेल्या देशात गाड्या फिरवून फार काही हाती लागत नाही. फोटो मात्र छान येतात, उद्घाटनाला मंत्री असतो.

दर महिन्याला ठरलेल्या पद्धतीने स्वतः तपासा, हे पण शांघायमध्ये अडीच लाखांच्या वर बायकांवर करून झालंय. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, बायोप्सी तेवढ्या वाढल्या. तेव्हा ते आरशासमोर गोल गोल बोटं फिरवायचं चित्र काढून टाकलंत तरी चालेल. बाईला आपलं शरीर माहीत असावं आणि बदल दिसला की ती कोणाला तरी सांगू शकावी, बास.

आशा ताईंच्या हाताचं मात्र वेगळं आहे. आपल्या मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर हा प्रयोग केला, दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी त्यांच्याकडून हाताने तपासणी. वीस वर्षांनी निकाल आला, २०२१ मध्ये. पन्नाशीच्या वरच्या बायकांमध्ये ह्या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या खाली मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, मी सांगतेय, कारण आपला विषयच तरुण बायकांचा आहे.

मग तरुणींसाठी काय? तिथे आफ्रिकेकडून घेण्यासारखं आहे. सुदानमध्ये गेझिरा भागात गावच्याच बायकांना शिकवून दारोदार पाठवलं, त्यांनी दहा हजारांच्या वर बायका तपासल्या, आणि ज्या गाठी सापडल्या त्यातल्या बहुतेक साध्या निघाल्या पण ज्या कॅन्सरच्या होत्या त्यातल्या बहुतेक लवकरच्या होत्या. रवांडात बुटारोच्या आसपास आरोग्य केंद्राच्या नर्सना शिकवलं की गाठ घेऊन आलेल्या बाईला अँटिबायोटिक देऊन परत पाठवायचं नाही, कुठे आणि कसं पाठवायचं ते ठरलेलं. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या ख्रिस हानी बारागवानाथ हॉस्पिटलचं ब्रेस्ट क्लिनिक तर चिठ्ठीच मागत नाही. गाठ वाटली, चालत ये, बस. तरीसुद्धा तिथे २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बायकांमध्ये उशिरा आलेल्या साधारण निम्म्या आणि त्याहून लांबच्यांमध्ये ६२ टक्के निघाल्या. २० किलोमीटर! तुमच्या तालुक्यात कितीतरी गावं ह्याच्या पलीकडे असतील.

घानात डॉ. बिअट्रिस विआफे अडाई म्हणून सर्जन आहेत, कुमासीच्या. त्या खेडोपाडी जातात तेव्हा बऱ्या झालेल्या बायकांना सोबत नेतात. मला ह्यातलं हेच सगळ्यात पटतं. दहा पत्रकांनी होत नाही ते एका बाईने उभं राहून 'मला झाला होता, छाती काढली, नवरा अजून आहे, मी पण आहे' म्हटल्यावर होतं. तुमच्या जिल्ह्यात अशी एक तरी असेलच. शोधा तिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ह्या आजारासाठी जे ध्येय ठेवलं त्यातला एक आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. बाई दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण. तुमच्या आशा ताईंच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखा, गाठ सांगितल्याची तारीख आणि शेजारी बायोप्सीच्या रिपोर्टची तारीख. सहा महिन्यांनी वही उघडून बघा आणि मधलं अंतर मला कळवा, मला खरंच हवंय ते.

प्रश्न: आपल्याकडे काय कमी प्रॉब्लेम आहेत म्हणून तुम्ही आफ्रिकेचं लिहित बसता? पानं वाया.

उत्तर: भारतातही ह्या आजाराचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपासच आहे, आपल्याकडेही उशिरा येतात, आपल्याकडेही तुकडा घेऊन नवरा लॅब शोधत फिरतो. वरचं यवतमाळचं उत्तर वाचा. नाही पटलं तर पुढचं पान पाककृतींचं आहे.

प्रश्न: मी लागोसमध्ये असते, नवऱ्याची कंपनी इथे आहे. वय २९, मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिते. उजव्या बाजूला गाठ आहे, तीन आठवडे झाले. इथल्या डॉक्टरांनी दुधाची गाठ म्हणून औषध दिलं, कमी नाही झाली. शेजारची नायजेरियन मैत्रीण खूप मागे लागलीये की परत दाखव, तिच्या बहिणीचं असंच दुधाची गाठ म्हणत म्हणत वर्ष गेलं आणि मग नको ते निघालं. मी मात्र विचार करतेय की दोन महिन्यांनी पुण्याला येणारच आहे, आईच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, तेव्हा एकदम दाखवते. आणि बायोप्सी केली तर दूध बंद करावं लागेल का?

उत्तर: मैत्रिणीचं ऐका. जास्त शक्यता दुधाची गाठ किंवा साधी सूज असण्याचीच आहे, घाबरू नका. पण बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत हा धोका थोडा वाढलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं दुधावर ढकललं जातं, लागोसला काय आणि पुण्याला काय. अँटिबायोटिक देऊन आठवडा-दोन आठवड्यात गाठ गेली नाही तर पुढची पायरी सोनोग्राफी, दुसरं अँटिबायोटिक नाही. तुमचे तीन आठवडे झालेत.

दूध बंद करावं लागत नाही. सोनोग्राफीने दुधाला काही होत नाही. सुईची बायोप्सीसुद्धा पाजणाऱ्या आईची करता येते, क्वचित त्या भोकातून काही दिवस दूध झिरपतं, ते बरं होतं. फक्त तुम्ही पाजताय हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे चिठ्ठीवर तसं लिहितील आणि स्लाइड बघणाऱ्याला कळेल, कारण दूध तयार करणाऱ्या पेशी मायक्रोस्कोपखाली जरा भडक दिसतात आणि माहीत नसेल तर आम्ही उगाच दचकतो. बाटलीत फॉर्मलिनच घातलंय ना ते विचारा, बाटलीवर तुमचं नाव आणि तुकडा काढल्याची वेळ लिहिली का बघा, आणि ती स्वतः न्यायला सांगितली तर त्याच दिवशी पोचवा. रिसेप्टरची टेस्ट लागलीच तर तिथेच होणार का दुसरीकडे जाणार, तेही आधीच विचारून ठेवा.

सोनोग्राफीला निघायच्या आधी मुलीला पाजून घ्या, छाती रिकामी असली की चित्र स्वच्छ येतं आणि तीही तासभर शांत राहील. आणि सोनोग्राफीवाल्यांनी खाली बायोप्सी करा असं लिहिलं तर तिथेच, त्याच आठवड्याची तारीख घ्या, पुण्याची वाट बघू नका. रिपोर्टचा फोटो काढून आईला पाठवा, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना तो व्हॉट्सअपवर वाचता येईल.